एचआयव्हीची गोळी मोफत मिळते, मग घरातला पैसा जातो कुठे?

एचआयव्हीवरच्या गोळ्या आपल्या देशात सरकारी एआरटी सेंटरमध्ये मोफत मिळतात. महिना-दोन महिने नव्हे, आयुष्यभर. त्यासाठी रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तरीही या आजारापायी कर्जात बुडालेली घरं आपल्या समाजात आहेत. कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी रिक्षा विकली, कुणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाला हात घातला.

असं का होतं? बहुतेक वेळा याचं उत्तर एका शब्दात आहे: लपवालपवी. मोहल्ल्यातलं कुणी बघेल, सरकारी दवाखान्यातला वॉर्डबॉय ओळखीचा निघेल, मुलींच्या सोयरिकी अडतील, या धास्तीने माणूस सरकारी रांगेत उभाच राहत नाही. तो लांबच्या शहरात खासगी डॉक्टर गाठतो, मेडिकलमधून रोख पैसे देऊन गोळ्या आणतो, तपासण्या खासगी लॅबमध्ये करतो. काही महिने हे निभतं. मग हात आखडतो. या महिन्यात अर्ध्याच गोळ्या, पुढच्या महिन्यात बघू, असं सुरू होतं. इथेच खरा धोका आहे. गोळ्या चुकतमाकत घेतल्या की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. मग पुढच्या टप्प्याचं औषध लागतं, आणि बाहेर विकत घ्यायचं म्हटलं तर ते आणखी महाग पडतं.

म्हणून मदतीचा विचार करताना हिशेब आधी नीट मांडू या. गोळ्यांसाठी पैसे लागतच नाहीत. पैसे लागतात ते येण्याजाण्याला, बुडालेल्या मजुरीला, दुसऱ्या आजारांना आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर. त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी वेगवेगळ्या खिडक्या आहेत. कुठली खिडकी कशासाठी, आणि तिथे किती सांगावं लागतं, एवढं कळलं तरी घर सावरतं.

गोळ्या कुठे, कशा

सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी द्यायला सुरुवात केली. सुरुवात फक्त आठ सरकारी रुग्णालयांत झाली आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यात होतं. आज महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यात एआरटी सेंटर आहे. सहसा ते जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात असतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, छत्रपती संभाजीनगरला घाटी, ही नावं बहुतेकांना ठाऊक असतील. तालुक्याच्या ठिकाणी अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 'लिंक एआरटी' असतं. तब्येत स्थिर असेल तर गोळ्या तिथूनही नेता येतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००० सालाच्या आसपास या आजाराच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली. बड्या परदेशी कंपन्यांना ते झोंबलं. पण त्यानंतर जगभर किमती कोसळल्या. आफ्रिकेत आणि आपल्याकडे लाखो लोकांना औषध मिळू लागलं, त्यामागे मुंबईत ठरलेली ही किंमत आहे. आपल्यातलेच काही लोक आजही या आजाराला 'अमीरांचा इलाज' म्हणतात, तेव्हा हे आठवावं.

पूर्वी सीडी४ म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच औषध सुरू करायचे. २०१७ पासून तो नियम गेला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आकडा कितीही असो, औषध सुरू होतं. आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी असते, त्यात तीन औषधं एकत्र असतात: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर. सीडी४ आणि व्हायरल लोड या तपासण्याही सेंटरमधूनच मोफत होतात. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची मोजणी. औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात आणि नंतर साधारण वर्षातून एकदा ती होते. खासगीत या एका तपासणीला काही हजार रुपये मोजावे लागतात. नेमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. अशी स्थिती टिकली तर शरीरसंबंधातून नवरा-बायकोत एकाकडून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. घरच्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून व्हायरल लोडची तारीख चुकवू नका.

पहिलं औषध लागू पडेनासं झालं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची औषधंही सरकारी कार्यक्रमातूनच मोफत मिळतात. 'सरकारी औषध हलकं असतं' असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. तीच संयुगं, त्याच देशी कंपन्यांची.

खासगी डॉक्टरकडे औषध सुरू आहे आणि आता पैसे पुरत नाहीत, अशांचं काय? त्यांनाही सरकारी सेंटरमध्ये नाव नोंदवता येतं. जुने रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची डबी सोबत न्यावी. काही वेळा सेंटर गोळी बदलून देतं, कारण कार्यक्रमातली औषधं ठरलेली असतात. त्याला घाबरायचं कारण नाही, पण एक पथ्य पाळा: शेवटची डबी संपायची वाट बघू नका. महिनाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. नोंदणीला एखादी फेरी जास्त झाली तरी खंड पडायला नको. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो सोबत ठेवले की फेऱ्या वाचतात.

आता भीतीचा मुद्दा. आपल्याच गावच्या किंवा तालुक्याच्या सेंटरमध्ये जायला हवं असं नाही. मालेगावचा माणूस नाशिकला, महाडचा मुंबईला नाव नोंदवू शकतो. पुष्कळ लोक तसंच करतात. तब्येत स्थिर असलेल्यांना दर महिन्याला न बोलावता एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. कामासाठी दुसऱ्या शहरात किंवा राज्यात बिऱ्हाड हलवलं तर सेंटरला सांगून नाव तिकडच्या सेंटरला बदलून घेता येतं. न सांगता गाव सोडणारे लोक मधल्या मध्ये औषधाला मुकतात.

रिपोर्ट कुणाला दाखवावा लागतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आपल्या घरांत हा कायदा जवळजवळ कुणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कोर्टाचा आदेश सोडला तर आपला रिपोर्ट सांगायची सक्ती कुणी कुणावर करू शकत नाही. विश्वासाच्या नात्यात ज्याला हे कळलं आहे, मग तो डॉक्टर असो, काउन्सेलर असो की ऑफिसातला साहेब, त्याला ते परस्पर दुसऱ्याला सांगता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, भाड्याचं घर खाली करायला लावणं, दवाखान्यात इलाज नाकारणं, हे सगळं बेकायदा आहे. नोकरीला घेण्याआधी एचआयव्हीची तपासणी मागणंही.

बायकांसाठी यात एक खास तरतूद आहे. नवरा गेला, रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला आणि सासरच्यांनी 'आता माहेरी जा' म्हणून सांगितलं, हे चित्र नवं नाही. कायदा म्हणतो, अशा स्त्रीला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, त्यांना तिथून बाहेर काढता येत नाही. घर कुणाच्या नावावर आहे हा वेगळा प्रश्न. छप्पर राहिलं तर औषध राहतं. भाड्याच्या खोलीचा खर्च एकदा अंगावर पडला की सर्वांत आधी कात्री लागते ती दवाखान्याच्या फेरीला.

पैशाशी थेट संबंध असलेली आणखी एक गोष्ट. बाळंतपण किंवा ऑपरेशनच्या वेळी रुग्ण पॉझिटिव्ह आहे म्हटल्यावर काही खासगी ठिकाणी 'स्पेशल किट'च्या नावाने बिलात जादा रक्कम लावतात, किंवा 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून परत पाठवतात. संसर्ग टाळण्याची खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, एकट्या पॉझिटिव्ह रुग्णासाठी नव्हे. अशा वेळी बिलाचा तपशील लेखी मागा. दवाखान्यात वीस किंवा जास्त माणसं काम करत असतील तर तिथे या कायद्याखाली तक्रार अधिकारी असायला हवा. त्याच्याकडून दाद मिळाली नाही तर राज्याच्या एचआयव्ही लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाने तक्रारीवर तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि तातडीच्या इलाजाचा मामला असेल तर चोवीस तासांत. कोर्टात जायची वेळ आली तर खरं नाव झाकून, टोपणनावाने खटला चालवण्याची मागणी करता येते.

कागदावरचा कायदा आणि दवाखान्याचा काउंटर यांत अंतर आहे, हे मान्य. पण कायद्याचं नुसतं नाव घेतलं तरी काउंटरपलीकडचा आवाज बदलतो.

गोळी सोडून बाकीचा खर्च

प्रवासाचं आधी. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. रेल्वेत एआरटी सेंटरला इलाज किंवा तपासणीसाठी जायचं असेल तर दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात पन्नास टक्के सूट मिळते. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र कसं घ्यायचं ते सेंटरमध्येच सांगतात. अडचण एवढीच की गच्च भरलेल्या बसमध्ये कंडक्टरपुढे ते कार्ड काढायला अनेकांचं मन धजत नाही. ज्याला जमत नाही त्याला बळेच सांगू नका. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घेणं हा त्यावरचा साधा उपाय.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची जोड योजना आहे. तिच्यात आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा इलाज मिळतो. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती असलेली योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे. हप्ता भरायचा नाही. आधीपासूनचा आजार म्हणून थांबवत नाहीत. एचआयव्हीचे रुग्ण आता औषधामुळे पुष्कळ वर्षं जगतात, आणि मग इतरांसारखेच त्यांनाही हृदयाचे, किडनीचे आजार, कर्करोग गाठतात. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कर्करोगाचे इलाज हे या योजनेत बसतात. अंगीकृत दवाखान्यात दाराशीच 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा, भरल्यानंतर नव्हे. योजनेचा फोन १५५३८८. आणि आयुष्मान कार्ड आजारी पडल्यावर काढायची वस्तू नाही. घरात सगळे धडधाकट असतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन सगळ्यांची कार्डं काढून ठेवा. नावाच्या स्पेलिंगचे घोळ आपल्याकडे फार असतात: एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर मोहम्मदचं नुसतं 'मो.'. भरतीच्या वेळी नेमकं तेच आडवं येतं.

योजनेत न बसणारा इलाज असेल तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. महाराष्ट्रात ट्रस्टच्या नावे चालणाऱ्या मोठ्या दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. या खाटांबद्दल दवाखाना आपण होऊन सांगत नाही, आपणच विचारावं लागतं. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा.

घर चालवायला महिन्याचा आधार हवा असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. यात एड्सचे रुग्ण स्पष्टपणे धरलेले आहेत, आणि महिन्याला १,५०० रुपये खात्यात जमा होतात. अर्ज तहसील कार्यालयात. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. आजच्या दिवसात वर्षाला २१ हजारांत कुठलं कुटुंब जगतं, हे अट घालणाऱ्यालाच ठाऊक! तरी नियम तो आहे. त्यासोबत महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा आणि सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं.

आता एक उपयोगाची गोष्ट. याच योजनेत निराधार विधवा आणि पोटगी न मिळणाऱ्या तलाकशुदा बायकाही बसतात. रक्कम तीच. म्हणजे बेवा बाईला आपला रिपोर्ट तहसीलमध्ये दाखवायची गरजच नाही. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडून विधवा म्हणून अर्ज केला की काम होतं. गावात तलाठी चौकशीला आला तरी तो आजार विचारत नाही. ज्यांना बोभाटा नको आहे त्यांनी हाच रस्ता धरावा असं माझं मत आहे.

मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. आई किंवा वडील नाहीत, किंवा आई-वडिलांना एचआयव्हीसारखा गंभीर आजार आहे, अशा मुलांच्या शिक्षणाला आणि पालनपोषणाला मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. वेळ लागतो, दोन-चार हेलपाटे होतात, पण दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे घरभाडं निघालं.

टीबी जोडीला असेल, आणि एचआयव्हीत तो पुष्कळदा असतो, तर त्याचं औषधही मोफत. शिवाय निक्षय पोषण योजनेतून इलाज चालू असेपर्यंत महिन्याला एक हजार रुपये आहारासाठी मिळतात.

पगारदारांनी ईएसआयसी विसरू नये. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो, त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो. एड्ससारख्या लांबलेल्या आजारात काम बंद पडलं तर ईएसआयसी पगाराच्या ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत देऊ शकते. या एका तरतुदीने कितीतरी घरं वाचली असती. पण भिवंडी-मालेगावच्या पॉवरलूममधला आपला कामगार बहुतेक कागदावर नसतोच. तो ज्या मालकाकडे काम करतो तो मालकही कित्येकदा आपल्याच समाजातला असतो, एवढं बोलून पुढे जातो.

गल्फहून परत आलेले

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या घरांसाठी हे वेगळं सांगायला हवं. आखाती देशांत नोकरीच्या व्हिसासाठी एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे. इथल्या मेडिकलमध्ये रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला तर 'अनफिट' शिक्का बसतो. तिथे गेल्यावर इकाम्याच्या वेळच्या तपासणीत निघाला तर माणसाला परत पाठवतात. वर सांगितलेला कायदा तिथे चालत नाही. परतणाऱ्या माणसाची नोकरी जाते आणि तिच्यासोबत कंपनीचा विमाही जातो. हातात औषध नसतं, आणि घरी काय सांगायचं हे सुचत नाही. 'कंपनी बंद पडली' असं सांगून तो सहा महिने घरात बसून राहतो, तोवर तब्येत ढासळते.

घरच्यांना शंका आली तर जाब विचारत बसू नका. त्याला एवढंच कळू द्या की जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत आणि गुप्त असते. तिथे पुन्हा नव्याने तपासणी होते आणि पक्कं ठरल्यावरच औषध सुरू करतात. परदेशातल्या कागदावर कुणी विसंबून राहत नाही. औषध सुरू झाल्यावर बहुतेक माणसं काही महिन्यांत कामाला लागतात. गल्फचं दार बंद झालं तरी इथलं बंद झालेलं नसतं.

विमा मिळतो का?

मिळतो, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो.

बरीच वर्षं विमा कंपन्या अर्जावर एचआयव्ही दिसलं की सरळ नाही म्हणायच्या. २०१७ च्या कायद्याने ते रोखलं. आकडेवारीच्या शास्त्रीय अभ्यासाचा आधार असल्याशिवाय विमा नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं हा भेदभाव ठरतो. पुढे २७ फेब्रुवारी २०२३ रोजी विमा नियामक संस्थेने, म्हणजे इर्डाने, आरोग्य विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना सांगितलं की एचआयव्हीबाधित, दिव्यांग आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी प्रत्येकीने एक तरी पॉलिसी ठेवलीच पाहिजे. त्यामुळे एजंट 'आमच्याकडे तसं काही नाही' म्हणाला तर ते खरं नाही. त्यात कमिशन कमी असेल, किंवा त्याला माहीत नसेल.

या पॉलिसी घेण्याआधी चार-पाच गोष्टी विचारून घ्या. किती महिने थांबावं लागेल? आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवण्याची मुभा कंपन्यांना आहे. सीडी४ किती असावा अशी अट आहे का? बिलातला किती टक्के वाटा आपल्याला भरावा लागेल? कुठले दवाखाने कॅशलेस आहेत? आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च मिळतो का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहसा 'नाही' असं येईल, कारण आरोग्य विमा मुख्यतः भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. त्याने बिघडत नाही, गोळ्या तर मोफत आहेतच. म्हणूनच ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे आणि पैसा बेताचा आहे, त्यांनी आधी सरकारी योजनेचं कार्ड पक्कं करावं आणि मगच हप्त्याच्या विम्याकडे वळावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, पण हप्ता तरीही हलका नसतो.

सर्वांत महत्त्वाचं: प्रपोजल फॉर्मवर खोटं लिहू नका. एजंट म्हणेल, 'कशाला लिहिता, पुढचं मी बघतो.' पुढचं तो बघत नाही. भरतीच्या वेळी दवाखान्याच्या कागदात जुना आजार दिसतो आणि कंपनी क्लेम फेटाळते. हप्ते गेले, इलाजही गेला. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनी क्लेम अडवू शकत नाही असा नियम आहे, पण फसवणूक सिद्ध झाली तर तोही उपयोगाचा नाही. गुप्तता हा आपला हक्क आहे, खोटी सही हा हक्क नाही. कंपनीला दिलेली माहिती तिने बाहेर फोडायची नसते, हेही लक्षात ठेवा. ऑफिसच्या ग्रुप विम्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात आणि वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. नोकरी असेल तर तो सर्वांत सोपा मार्ग.

नकार आला तर लेखी कारण मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. हा लोकपाल विम्याचा. वर सांगितलेला एचआयव्ही कायद्याचा लोकपाल वेगळा. इर्डाचा मदतीचा फोन १५५२५५.

विमा घ्यावा की नाही, याबद्दल अनेक दीनदार घरांत खटका असतो. व्यापारी विम्यात सूद आणि अनिश्चितता येते म्हणून उलमा हरकत घेतात, गरज आणि मजबुरी पाहून काहीजण मोकळीक सांगतात. तो फैसला आपापल्या मुफ्ती साहेबांना विचारून करावा. पण फुले योजना किंवा आयुष्मान कार्डात आपण हप्ता भरत नाही, ती सरकारी मदत आहे. 'विमा' हा शब्द ऐकून ते कार्डसुद्धा न काढणारी घरं आहेत. त्यांनी निदान हा फरक विचारून घ्यावा.

जकात आणि बैतुलमाल

शेवटी जमातींसाठी. ज्याच्याकडे निसाब नाही असा आजारी माणूस जकातीचा हकदार आहे, मग आजार कुठलाही असो. आजार कसा जडला हे विचारणं देणाऱ्याच्या कामाचं नाही. नवऱ्याकडून आलेला असतो, आईकडून बाळाला आलेला असतो.

कुणी एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी पैसे मागायला आलं तर नुसते पैसे देऊन मोकळे होऊ नका. त्याला एआरटी सेंटर माहीत नाही किंवा तिथे जायची भीती वाटते, असा त्याचा अर्थ असतो. त्याच्या सोबत एखादा भरवशाचा माणूस द्या. बैतुलमालचा पैसा लावायचा तो भाड्याला, बुडालेल्या रोजीला, अंडी-दूध-डाळीला, आणि योजनेत न बसणाऱ्या तपासण्यांना. हनफी मतात जकात गरजवंताच्या मालकीत जावी लागते, त्यामुळे रक्कम थेट त्याच्या हातात देणं उत्तम. ती जकात आहे हे त्याला सांगायलाच हवं असंही नाही.

आणि कमिटीच्या बैठकीत रिपोर्ट फिरवू नका. पावतीवर, रजिस्टरमध्ये आजाराचं नाव लिहू नका, 'वैद्यकीय मदत' एवढं पुरे. एका जबाबदार माणसाने खात्री करून घेतली की बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर मंजुरी द्यावी. बाईचा मामला असेल तर खात्री करणारी बाईच असावी. ज्या जमातीत एकदा बातमी फुटली, तिथे पुन्हा कुणी मदत मागायला येत नाही, घरात मरणं पत्करतात.

रमजानमध्ये गोळीची वेळ सेहरी किंवा इफ्तारनंतर लावून घेता येते. दिवसाला एकच गोळी असणाऱ्यांना यात सहसा अडचण येत नाही, फक्त रमजान लागण्याआधी सेंटरच्या डॉक्टरांना विचारा. ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांना ते रोजे ठेवू नका म्हणतील, तर ते ऐका.

जवळचं सेंटर कुठलं, कधी उघडं असतं, कुठले कागद न्यायचे, हे विचारायला १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे. कॉल मोफत आहे, मराठी आणि हिंदीत बोलतात, आणि फोन करताना नाव सांगावं लागत नाही.